तालुक्याचं वजन

जलतोलन केंद्रातल्या पडद्याकडे बघून डॉ. शर्वाणी घुले भयंकर चिडली होती. तिच्या माहेरच्या तालुक्यावर हिरवा रंग! म्हणजे पाणी पुरेसं, टँकर बंद. आणि सकाळीच आईचा फोन येऊन गेलेला: गावची विहीर आटली, हातपंप नुसता खडखडतोय.

"सर, उपग्रह बिघडलाय," ती म्हणाली.

संचालक डॉ. मोहोळकर शांतपणे चहा ढवळत होते. "दोन उपग्रह एकामागे एक धावतात. खाली पाणी जास्त असलं की गुरुत्वाकर्षण जरा वाढतं, पुढचा किंचित ओढला जातो, दोघांतलं अंतर बदलतं. त्यावरून आपण पाण्याचं वजन काढतो. यात बिघडायचं काय?"

"पण पाणी आहे कुठे?"

"ते त्याला कळत नाही. तो फक्त वजन करतो."

शर्वाणीने तालुक्याची छायाचित्रं उघडली आणि कपाळाला हात लावला. माळभर निळे चौकोन. प्लास्टिक अंथरलेली शेततळी, नऊशेच्या वर! बागायतदारांनी बोअर उपसउपसून डाळिंबासाठी पाणी वर आणून साठवलं होतं. एकाने खोदलं म्हणून दुसऱ्याने खोदलं, झालं. जमिनीच्या पोटातलं पाणी कुंपणाआड गेलं, तालुक्याचं वजन मात्र तेवढंच राहिलं.

"सर, आपण हाताने लाल करू या ना."

"वशिल्याने टँकर पळवले जायचे, म्हणून तर माणसाचा हात काढला आपण. नियमावर तुझीही सही आहे. वजन घटेल तेव्हाच टँकर."

"आणि घटणार कधी?"

"तळी आटली की."

तिला रडूच फुटलं. तिकडे आई एका बागायतदाराच्या तळ्यावरून, त्याच्या मेहरबानीने, दोन हंडे आणत होती.

वैशाखात ऊन असं तापलं की विचारू नका. तळ्यांची वाफ झाली, डाळिंबं वाळली, आईचे हंडेही बंद झाले. अखेर पडदा लाल झाला आणि कुणाचा हात न लागता तीस टँकर सुटले. शर्वाणीला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन लावला.

"आलाय गं टँकर. सकाळपासून चावडीसमोर उभा आहे," आई म्हणाली.

"मग हंडे भरून घे ना!"

"रिकामाच आहे बाई. ड्रायव्हर अख्खा तालुका पालथा घालून आला, पलीकडचे दोनही. थेंब नाही कुठे. तू एवढी शिकलेली, म्हणून तुला विचारायला सांगितलंय त्याने. टँकर भरायचा कुठून?"