जाताना एक पन्नास, येताना दोन पाच

त्याने अवजारांची बॅग धाडकन माझ्या काउंटरवर आपटली, तेव्हा माझे पाय चपलांबाहेर होते आणि सहनशक्ती संपत आली होती.

"इथे सामान ठेवू नका," मी पाटीकडे बोट केलं.

"सॉरी हो. खांदा पार कामातून गेलाय." बॅग खाली ठेवून तो तिथेच रेलला. त्याने त्याच्या शहराचं नाव सांगितलं. "घरी पोचायला किती वेळ लागेल?"

विमानतळाच्या चौकशी काउंटरवर सहा वर्षं बसलेय मी. असली उत्तरं झोपेतही देते. "अकराशे नव्वद किलोमीटर. एक तास पन्नास मिनिटं."

"मग येताना दोन तास पाच कसे लागले?"

"येताना वारा समोरून असतो. जाताना पाठीशी."

"म्हणजे तुमच्याकडे यायचं तर वारा आडवा येतो... आणि मला घालवायला मात्र हातभार लावतो!"

मला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

तो लिफ्ट बसवायचा. इथल्या एका जुन्या इमारतीतल्या चौदा लिफ्ट बदलायचं काम होतं. सोमवारी यायचा, गुरुवारी संध्याकाळी परत. दर गुरुवारी खांदा चोळत माझ्यासमोर हजर, आणि तोच प्रश्न. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी त्याचं नावच 'एक पन्नास' ठेवलं. "आला गं तुझा एक पन्नास!" मी डोळे वटारायचे, आणि हळूच पाय चपलांत सरकवायचे.

तेवढंच. प्रेमात पडायलाही अंगात थोडं त्राण लागतं. आम्ही नुसते समोरासमोर जांभया द्यायचो. त्याची जांभई मला लागायची, माझी त्याला, आणि मग दोघंही हसायचो. ते हसू मला पुढचा आठवडाभर पुरायचं.

या गुरुवारी मात्र त्याने काही विचारलंच नाही.

"आज प्रश्न नाही?"

"चौदावी लिफ्ट काल चालू झाली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "काम संपलं. सोमवारी... नाही येणार मी."

"बरं झालं. दगदग संपली तुमची," मी म्हणाले. असलं शहाणपण नको त्या वेळी कुठून सुचतं कोण जाणे!

"हो ना," तो म्हणाला.

त्याच्या विमानाचं चेक-इन सुरू झाल्याची घोषणा झाली. बॅग उचलून तो चार पावलं गेला, थांबला, मागे फिरला आणि बॅग पुन्हा धाडकन काउंटरवर. मी पाटी दाखवली नाही.

"तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत किती वेळ लागतो?"

"ते... ते मला नाही सांगता येणार. मी कधी विमानात बसलेच नाही."

"सहा वर्षं इथे काढून?"

"दुसऱ्यांना पाठवण्यातच गेली."

"तुम्ही मला आवडता. फार. मी आलो की वारा समोरून असतो. तुम्ही आलात तर पाठीशी असेल. पंधरा मिनिटं वाचतील, तेवढं झोपा हवं तर. रविवारी सुट्टी असते ना तुम्हाला? ताई म्हणाल्या."

ताई एकदम कागद चाळायला लागल्या.

"मलाही..." माझा आवाज बसला होता. दिवसभर बोलून बसतोच तो. "मलाही आवडता तुम्ही. येईन मी."

तो गेला. खांदा दुखायचा थांबल्यासारखा, जवळजवळ धावतच.

मग एक आजोबा पुढे सरकले. त्यांनी नेमकं त्याच शहराचं नाव घेतलं. "बाई, तिथे विमान किती वेळात पोचतं हो?"

"रविवारी," मी म्हणाले.