भिंतीवर झोपलेली बाई

तुला भिंतींवरची चित्रं बघत हिंडायला आवडतं म्हणतेस, म्हणून सांगते. एरवी मी हे कुणाला सांगत नाही. सांगायलाही अंगात त्राण लागतं.

तेव्हा मी हॉस्पिटलात रात्रपाळी करायचे आणि ताई, माझी मोठी बहीण, इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असायची. आमची खोली अगदी वरच्या मजल्यावर. खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची आंधळी भिंत, एकही खिडकी नसलेली. एका सकाळी तिथे एक चित्रकार बाई दोरांच्या पाळण्यावर बसून रंगवायला लागली. भलंमोठं चित्र : गालाखाली हात घेऊन झोपलेली बाई, अंगावर निळी चादर. खाली बसथांब्यावरची माणसं माना वर करून बघायची, जांभया द्यायची आणि आपसूक हसायची. कामावरून येताना मीही थांबायचे. पाय सुजलेले, डोळ्यांत वाळू. पण तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, चला, या शहरात एक तरी बाई पोटभर झोपलीय.

चित्र पुरं झालं त्या दिवशी मी खिडकीतून म्हणाले, "फार छान झालंय हो! काय गाढ झोपलीय!"

चित्रकार बाईने वळून पाहिलं. डोळे खोल गेलेले. हळूच म्हणाली, "झोपवलंय कसंबसं. फार वेळ बघत नका बसू... तिला कळतं."

मला वाटलं, थट्टा करतेय.

ताईला मात्र त्या चित्राने वेड लावलं. दुकानातून आली की चपलाही न काढता खिडकीशी. "बघ ना, कशी पडलीय! ना कुणी हाक मारतंय, ना उठायची घाई. मला तिची जागा मिळाली ना..."

"आधी जेवून घे," मी म्हणायचे.

ताईच्या सुट्टीची दुपार होती ती. रात्रपाळी करून मी झोपले होते. श्वासाच्या आवाजाने जाग आली. संथ, जड श्वास. तो आत ओढला गेला की आमचा पडदा खिडकीबाहेर खेचला जायचा, सुटला की आत फुगायचा. बाहेर पानही हलत नव्हतं.

ताई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"ताई... कोण घोरतंय?"

"श्श... ती कूस बदलतेय."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. भर उन्हात भिंतीवरच्या बाईचे डोळे किलकिले झाले होते. आमच्याकडेच बघत होते. मी ताईला मागे ओढलं, तर ती लोळागोळा होऊन माझ्या अंगावर कोसळली. झोपली होती!

हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणले. "थकव्याची झोप आहे, झोपू द्या," म्हणाले. मी नर्स, नाडी मलाही कळते. नाडी ठीक होती. पण ताईचा श्वास त्या बाहेरच्या श्वासाच्या तालावर चालला होता, आणि दर वेळी थोडा लांबत होता.

शेवटी माझा धीर सुटला. खिडकीत जाऊन मी भिंतीला म्हणाले, "माझी ताई मला परत दे. तू झोप, बाई... झोप तू." आणि तान्ह्या लेकराला थोपटतात तशी चौकट थोपटत राहिले. हात भरून आला तेव्हा कुठे पडदा थांबला. भिंतीवरचे डोळे मिटले. पण आता त्या कपाळावर एक आठी होती, दमलेली. ताई झोपेत घालायची तशी.

"उठले गं मी," मागून आवाज आला. ताजातवाना.

आम्ही ती खोली सोडली. ताई आता दमत नाही. रात्री आडवी होते, पण डोळे उघडेच. दुकानात सगळे तिचं कौतुक करतात. मीही हसून मान डोलावते. खरं कुणाला सांगू?

काल दुपारी तिची वेणी घालत होते. मानेवरून कातडीचा एक पोपडा निघाला. चिमटीत धरून उजेडात पाहिला...

रंग होता.