एक स्क्रीन, दोन सिस्टीम

“या बाईंना कावीळ झाली होती का हो?”

प्रिंटिंग लॅबच्या काउंटरमागून प्रश्न आला आणि माझ्या मस्तकात तिडीकच गेली. त्या बाई म्हणजे माझी आई, आमच्या बस डेपोतली पहिली महिला चालक! नेहमीचे काका रजेवर होते आणि त्यांच्या जागी हा कुरळ्या केसांचा आगाऊ माणूस डोळे बारीक करून माझे फोटो निरखत होता.

“माझी आई आहे ती. ठणठणीत आहे.”

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच दुसरा फोटो शेजारी ठेवत म्हणाला, “सॉरी… पण हे बघा ना. तीच भिंत, तोच गणवेश. इथे पिवळट, तिथे अगदी बरोबर. दोघांनी मिळून केलंय का काम?”

“एकटीने केलंय!”

डेपोच्या चाळीस चालकांचे फोटो तिथल्या भिंतीवर लागणार होते. माझं पहिलं स्वतंत्र काम. “हे जमलं तर स्टुडिओ तुझा, नाहीतर शटर खाली,” असं बाबांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून नवा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, अगदी स्क्रू न् स्क्रू. त्यावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टीम बसवल्या. बाबांच्या सवयीचं सॉफ्टवेअर एकीत, माझ्या आवडीचं दुसरीत. चालू करताना ‘कुठे जायचं?’ असं तो विचारायचा, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. वीस फोटो मी एकीकडे केले, वीस दुसरीकडे.

“स्क्रीनचे रंग मोजलेत?” त्याने विचारलं.

“मोजलेत की. मैत्रिणीचं यंत्र एका दिवसापुरतं आणून.”

“दोन्ही सिस्टीममध्ये?”

“स्क्रीन तर एकच आहे ना…” माझा आवाज उगाचच बारीक झाला.

“स्क्रीन एकच, पण मोजलेले रंग लक्षात ठेवते ती सिस्टीम. दुसरीला बिचारीला कुणी काही सांगितलंच नाही.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. फोटो परवा लागायचे होते.

“मी येऊन करून देऊ?”

“नको. यंत्र द्या. माझं मी करेन.”

“यंत्र एकटं कुठे जात नाही,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “लाजाळू आहे.”

दुपारी चारला तो यंत्रासह स्टुडिओत हजर. मी त्याला स्टूल दिलं आणि बजावलं, “कीबोर्डला हात लावायचा नाही.” त्याने मुकाट्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. स्क्रीनवर यंत्र टांगलं, रंग बदलू लागले… लाल, हिरवा, राखाडी. त्याच्या गालावरही ते सरकत होते. मी स्क्रीनकडे बघायचं सोडून तिकडेच बघत होते.

विंडोजचं झालं. लिनक्समध्ये मात्र यंत्र ओळखलंच जाईना.

“ही सिस्टीम मी कधी वापरलीच नाही,” तो म्हणाला. “इथे माझी विद्या संपली.”

मग मीच खटपट केली; दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मधे मधे त्याचा हात उठायचा आणि परत मांडीखाली जायचा.

“इतका गप्प मी शाळेतही बसलो नव्हतो.”

“त्रास होतोय?”

“होतोय… पण बघायला छान वाटतंय.”

“स्क्रीन?”

“हं… स्क्रीनपण.”

पिवळे वीस फोटो मी दुसऱ्या दिवशी नव्याने केले. तिसऱ्या दिवशी चाळीसही जण डेपोच्या भिंतीवर एकाच उजेडात उभे असल्यासारखे दिसत होते. बाबा चष्मा कपाळावर चढवून एकेक फोटो बघत गेले. आईसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबले. मग छापलेले फोटो घेऊन आलेल्या त्याच्याकडे वळले. “तुम्हीच करून दिलंत ना हे सगळं?”

त्याने नुसतं हसून मान हलवली असती, तरी श्रेय त्याच्याकडे गेलं असतं.

“छे हो काका! मला तर कीबोर्डला हात लावू दिला नाही. अर्धं काम मला येतच नव्हतं… ते मी हिच्याकडून शिकलो.”

बाबांनी मला जवळ घेतलं. “उद्यापासून शटर तू उघडायचंस,” ते म्हणाले आणि आईला शोधायला गेले. मला इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून आले. स्वतःचा वाटत होता, आणि खरं सांगू? त्याचाही.

तो बॅग खांद्याला लावून निघाला होता. अडल्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही आणि अडलं तरी शक्यतो नाही, असा माझा खाक्या. तरीही दारापर्यंत धावत गेले.

“उद्या… येशील?”

“का? काय अडलंय?”

“काहीच नाही. दोन्ही सिस्टीम झकास चालतायत.” मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. “तरी ये… तू आवडतोस मला.”

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. “शटर किती वाजता उघडतं?”

“नऊला.”

“मग साडेआठला येतो,” तो म्हणाला.