नव्या जंताचं नाव

आखाडा बाळापूरच्या मासळीबाजारात मी मासे विकणाऱ्या जनकाबाईंपुढे डबा धरला आणि म्हटलं, "मावशी, आतडी द्या." तेवढ्यात माझ्या डब्याशेजारी आणखी एक डबा आला.

"मासे सोडून आतडी काहून मागून राहिले तुमी दोघं?" जनकाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या डब्यावाला हसला. आणि मी, पुजाऱ्याची पोरगी, जिच्या घरी मासळीचं नावही काढत नाहीत... मी चक्क लाजले.

त्याचं नाव नचिकेत. माझ्याच सरांकडे पीएच.डी.ला नवा लागलेला. विषयही माझाच: माशांच्या आतड्यात डोकं रुतवून राहणारे काटेरी डोक्याचे जंत. मग आम्ही बाजाराला एकाच गाडीवर जाऊ लागलो. वर भुरभुर पाऊस, मांडीवर आतड्यांचा डबा. प्रेमात पडायला याहून घाणेरडी जागा नसेल, पण मी पडले.

एका दुपारी मरळ माशाच्या आतड्यात मला वेगळाच जंत सापडला. त्याच्या डोक्यावरच्या वाकड्या काट्यांची ठेवण कुठल्याच पुस्तकात नव्हती. नचिकेत माझ्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकावर वाकला. त्याचा श्वास कानाशी आला आणि मला दिसायचंच बंद झालं.

"नवा आहे," तो हळूच म्हणाला. "ह्याला तुझं नाव देऊ, अनुश्री."

"जंताला? लोक गुलाब देतात."

"गुलाबाला नाव आहे आधीच. ह्याला अजून कुणी हाक मारली नाही."

मी ती मागणीच समजले. आकृत्या मी काढल्या, लेख त्याच्यावर सोडला.

आमच्याकडे नव्या जंताला सरांचं नाव द्यायची रीत. सरांचं देऊन झालं होतं, त्यांच्या गावाचंही. लेख छापून आला तेव्हा जंताला नाव होतं कालिंदीचं, सरांच्या मुलीचं. नचिकेतची सोयरीक तिच्याशी ठरल्याचं त्याच दिवशी कळलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"लेखाच्या शेवटी तुझे आभार मानलेत ना..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

लग्नाला गेले. कालिंदी भाबडी. माझा हात धरून म्हणाली, "ताई, माझ्या नावाचा तो जंत असतो तरी कसा?" नचिकेत शेजारीच मुंडावळ्या सावरत उभा होता.

"तोंड नसतं त्याला," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पोटात आयता जगतो. आणि ओढून काढायला गेलं, तर — डोकं आतच राहतं."

ती खळखळून हसली. त्यानं मान खाली घातली. मी आहेर दिला आणि न जेवताच निघाले. बसस्टँडपर्यंत रडत गेले. मला अजूनही तोच हवा होता, आणि राग त्याचाच येत होता.