दुसऱ्या हाताची रेघ

इंजिन बांधायला घेतलं की थोरला कुणाशी बोलत नसे. पूर्वी बोलायचा, पण तेव्हा समोर धाकटा असायचा आणि त्याच्याशी न बोलून सुटकाच नव्हती. दोघा भावांचं गॅरेज थोरल्याच्या हातावर आणि धाकट्याच्या तोंडावर चालतं, असं त्यांची आईच म्हणायची. धाकटा डावरा, हट्टी आणि शर्यतींचा वेडा. दोन वर्षांपूर्वी ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर त्याच्या गाडीचं इंजिन फुटलं, सांडलेल्या तेलावर चाकं घसरली आणि गाडी त्याच्या दाराच्या बाजूने भिंतीवर आदळली. धाकटा जागीच गेला. घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडून इंजिनावर नको तेवढा ताण आला असणार, असं सगळे म्हणाले. सगळ्यांच्या आधी थोरला म्हणाला होता.

आणि आता धाकट्याच्या बायकोने तीच गाडी थोरल्याच्या दारात ओढून आणून उभी केली होती. गाडी शिकवणं हा तिचा धंदा. धाकटा तिला मास्तरीण म्हणायचा, मग सगळेच म्हणू लागले. पत्रा सरळ झाला होता, दार नवं होतं, रंगसुद्धा झाला होता. फक्त बॉनेटखाली इंजिनाच्या जागी खड्डा होता.

"दादा, इंजिन बांधून द्या. आठवडाभर कामाला नेईन, सुट्टीला ट्रॅकवर."

"भंगारात घाल ती. माझं ऐक."

"चूक त्याने केली, गाडीने नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

थोरल्याने किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने काम घेतलं.

रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच टर्बो इंजिन बांधायचं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ट्रॅकवर पिस्टन तापून फुगतो, म्हणून तो थोडा सैल हवा. तोच सकाळी थंड इंजिनात खडखड करतो. टर्बोने हवा जास्त कोंबली तर ट्रॅकवर मजा, आणि भाजी आणायला जाताना डोकेदुखी. इंजिनाच्या जुन्या सांगाड्याला, ब्लॉकला, मुठीएवढं भोक पडलेलं. थोरल्याने दुसरा ब्लॉक मिळवला, सिलिंडर घासून घेतले, घट्ट आणि सैल यांच्या अगदी मधलं माप धरलं. टर्बोच्या पंख्याला बोटाने गिरकी दिली तेव्हा तो बिनआवाज फिरत राहिला. थोरल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा लगेच रागही आला.

मग रॉडचे बोल्ट आले. चार पिस्टनचे चार रॉड, प्रत्येकाला दोन बोल्ट. गॅरेजचा एक नियम होता, धाकट्यानेच घातलेला. आवळणाऱ्याने बोल्टवर पांढरी रेघ ओढायची. दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि तिच्यावर लाल रेघ मारायची. एकाच हाताने दोन्ही रेघा मारायच्या नाहीत. थोरल्याची रेघ उजवीकडे चढायची, डावऱ्या धाकट्याची डावीकडे, त्यामुळे लबाडीला जागाच नव्हती.

लबाडी एकदाच झाली होती. धाकट्याच्या गाडीच्या त्या शेवटच्या इंजिनाच्या वेळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि धाकटा हातातलं फडकं फेकून निघून गेला. थोरल्याने रागाच्या भरात आठही पांढऱ्या रेघा ओढल्या आणि वर आठही लाल रेघा स्वतःच मारल्या. संध्याकाळी धाकटा आला तोवर चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, बसलेलं होतं. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," थोरला म्हणाला. अपघातानंतर फुटलेल्या इंजिनात तिसऱ्या रॉडचा एक बोल्ट सापडला. तुटलेला नव्हता, नुसता उलटा फिरत बाहेर आलेला. थोरल्याने तो खिशात घातला आणि गिअरचं खापर मेलेल्याच्या माथी फोडलं.

आता त्याने नवे आठ बोल्ट आवळले. ठरलेल्या ताणाला टॉर्क पाना कट् वाजला की पुढचा. आठ वेळा कट्, आठ पांढऱ्या रेघा. लाल पेन त्याने हातात घेतलंच नाही. हात धुवून आला तेव्हा दुपारचं ऊन थेट इंजिनावर पडलं होतं.

सात बोल्टांवर लाल रेघा होत्या. डावीकडे चढणाऱ्या.

चोराच्या मनात चांदणं, असं स्वतःला बजावत त्याने सगळ्या पुसल्या. दार आतून लावलं, शेजारच्या खोलीत चहा उकळला, परत आला. पुन्हा सात. तिसऱ्या रॉडचा एक बोल्ट तेवढा पांढराच.

त्याने त्या बोल्टला पाना लावला. कट्. ताण बरोबर होता. तरी बोल्ट काढला, नवा घातला, आवळला, आणि पाठ करून भिंतीकडे बघत उभा राहिला. मागे काहीच वाजलं नाही. वळला तर तो बोल्ट तसाच.

"आता काय राहिलंय?" थोरला मोठ्याने म्हणाला. "बरोबर आवळलाय. बघ की!"

चार दिवस हेच चाललं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही, मेला तरी दादाचं काम पास करायचा नाही! पाचव्या दिवशी थोरल्याने लाल पेन उचललं आणि ती आठवी रेघ स्वतःच मारली. चेंबर लावलं. इंजिन गाडीत बसवलं.

मास्तरीण किल्ली घ्यायला आली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं, गोड, एकसारखं. ती हसली. दोन वर्षांत थोरल्याने तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिने पहिला गिअर टाकला आणि थोरल्याचा हात आपोआप खिडकीवर गेला.

"बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणतो ना! गिअर चुकला नव्हता त्याचा. बोल्ट मी सैल ठेवला. तपासल्याची रेघही मीच मारली. या इंजिनातपण एक मारलीय."

तिने किल्ली फिरवली.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, दादा. आमच्या मुलीसमोर. बेफिकीर होता म्हणाले."

थोरल्याने खिडकीवरचा हात काढला.

"उघडा," ती म्हणाली.

गाडी लिफ्टवर चढली. तेल काढलं, चेंबर उतरवलं. पाना तिने स्वतः हातात घेतला आणि खालून तिसऱ्या रॉडला लावला.

कट्.

थोरल्याने लाल पेन तिच्यापुढे धरलं.

"कशाला?" ती म्हणाली. "आहे की."

थोरल्याने बॅटरीचा उजेड वर धरला. त्याने मारलेली रेघ गेली होती. तिथे दुसरी होती, डावीकडे चढणारी. त्याने बोट लावलं.

रंग ओला होता.

मास्तरीण गाडी घेऊन गेली. त्यानंतर तिने फोन उचलला नाही. गॅरेजात लाल रेघा पुन्हा उमटल्या नाहीत. थोरला बोल्ट आवळायचा, पांढरी रेघ ओढायचा, हात धुवायला जायचा, मुद्दाम वेळ काढायचा. कुणी तपासायला येत नव्हतं.

हजार किलोमीटर झाल्यावर ती तेल बदलायला आली. कामापुरतंच बोलली.

"गाडी छान पळते. शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून दिवा तेवढा लागतो."

"सीटवर वजन पडलं तरच लागतो तो. सामान ठेवतेस काही?"

"नाही."

थोरला स्वतः चालकाच्या जागेवर बसला. किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. गाडी आत घेतली, तेल बदललं, बाहेर आणली, खड्ड्यावरून मुद्दाम आपटली. शेजारची सीट रिकामी होती आणि दिवा विझलेलाच राहिला.

मग ती बसली. दिवा लागला.

तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीने हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. दिवा विझला. थोरला खिडकीत वाकून बघत होता. पट्टा सीटच्या पाठीला टेकला नव्हता. वीतभर पुढे, ताठ राहिला होता.