इकोवाली आणि डिक्शनरी

“इको हे एका मुलीचं नाव होतं, माहितीये तुम्हाला?”

हृदयाच्या दवाखान्यातली ती अंधारी खोली, पलंगावर डाव्या कुशीवर वळलेले एक वयस्कर गृहस्थ, त्यांच्या छातीवर यंत्राचं टोक धरून बसलेली ती, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्यांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न! सहा वर्षं ती इथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढत होती. पेशंट तिला ‘इकोताई’च म्हणायचे. पण ही इको कुणाची कोण, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“कुठली मुलगी?” पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

“ग्रीक पुराणातली. भारी बडबडी. एका देवीने चिडून शाप दिला – स्वतःहून बोलायचं नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. आणि नेमकी ती एका देखण्या पोराच्या प्रेमात पडली! सांगणार कसं? झुरून झुरून नुसता आवाज उरला तिचा – तोच इको, प्रतिध्वनी.”

“अगं बाई... बिचारी!”

“बिचारा मी,” पलंगावरून त्याचे बाबा म्हणाले. “शब्दकोशाच्या कचेरीत आहे हा. घरीही असंच चालतं, पोरी. मी आपला साधा शिंपी. तू सांग, कुठे उसवलंय का आत?”

ती खुदकन हसली. आणि हसता हसता तिला पडद्यावर ते दिसलं. हृदयाची एक झडप उघडतच नव्हती नीट... जेमतेम फट पडत होती.

तिने हसू तसंच ओठांवर धरून ठेवलं. “झालं हं काका. उठा सावकाश.”

बाहेरच्या बोळात त्याने तिला गाठलं. “खरं सांगा. काय दिसलं?”

“रिपोर्ट डॉक्टर सांगतील. सोमवारची वेळ आहे ना तुमची?”

“तुम्ही हसता हसता थबकलात. मी पाहिलं.”

तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगण्याचा हक्क तिचा नव्हता. “डॉक्टर सांगतील,” ती पुन्हा म्हणाली. त्याने तोंड फिरवलं आणि तो बाबांशेजारी बाकावर जाऊन बसला.

तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही. मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी पाऊण तास उभी राहिली. ते बाहेर येताच म्हणाली, “सर, हे सोमवारपर्यंत थांबवू नका. आत्ताच बघा.” त्यांनी चित्रं पाहिली, बापलेकांना आत बोलावलं, आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी ऑपरेशन ठरलं.

हे सगळं त्याला काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. संध्याकाळी तो चहाचे दोन कप सांभाळत इकोच्या खोलीच्या दारात उभा.

“मघाशी मी तोंड फिरवलं. चुकलं माझं.”

“मी तरी कुठे धड होते? मीपण पॅनिक झाले होते.”

“पॅन...” तो बोलता बोलता थांबला.

“बोला, बोला. हाही कुणीतरी असणार!”

“शेळीच्या पायांचा रानदेव. रानात विनाकारण धडकी भरली, की लोक म्हणायचे, पॅन आला.”

“विनाकारण?” तिने कपावरून त्याच्याकडे पाहिलं. “मग माझं पॅनिक नव्हतं ते.”

शुक्रवारी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर तो एकटाच होता. आई लहानपणीच गेलेली; माणूस म्हणून बाबाच काय ते. दुपारी सुट्टी झाल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“एखादा शब्द सांगा ना.”

“एकही आठवत नाहीये,” तो म्हणाला. चेहरा पांढराफटक.

“मग मी विचारते. मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्याला आम्ही अ‍ॅटलास म्हणतो. का हो?”

त्याने सवयीने तोंड उघडलं. “अ‍ॅटलासने आभाळ पेललं होतं, खांद्यांवर... तो मणका डोकं पेलतो... म्हणून.”

“मग त्याला जरा विसावा द्या की.”

ती किंचित सरकली. त्याने हळूच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. चार वाजता सर्जन बाहेर येऊन “उत्तम झालं” म्हणाले, तेव्हा तिचा खांदा ओला झाला होता.

बाबा भराभर सुधारले. छातीवरचे टाके न्याहाळून म्हणाले, “टीप सरळ आहे. पण मी आणखी बारीक घातली असती!” ते घरी गेले, तरी मुलगा मात्र येतच राहिला. कधी रिपोर्टची प्रत हवी म्हणून, कधी छत्री विसरली म्हणून.

“आज पेशंट कुठाय, डिक्शनरी?” काउंटरवरच्या बाई मुद्दाम मोठ्याने विचारायच्या.

तो लाजायचा, आणि गळ्यातली गाठ वरखाली व्हायची. एकदा तिने बोट दाखवून विचारलं, “हिला अ‍ॅडम्स अ‍ॅपल म्हणतात ना? बायबलमधल्या अ‍ॅडमच्या घशात सफरचंद अडकलं, म्हणून. तुमच्या काय अडकलंय?”

“आहे... काहीतरी,” तो म्हणाला आणि चक्क पळाला!

तीन महिन्यांनी तपासणीचा दिवस आला. बापलेक खोलीशी पोचले, तर ती दारातच उभी.

“आजचा इको माझी मैत्रीण काढेल. तिला मीच शिकवलंय.”

“का? काही बिघडलंय का?” त्याचा जीव टांगणीला.

“तसं नाही...” ती ओढणीचं टोक पिळत राहिली. “घरच्या माणसाचा इको मी काढत नाही. हात थरथरतो.”

त्याला अर्थ लागला, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला.

“हे... हे मी विचारणार होतो. तीन महिने तेवढ्यासाठीच तर येतोय...”

“मग विचारा की!”

“विचारलं समज.”

‘समज’! आजवरचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं होतं. तिने मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

“होऽ... समजले.”

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, शर्टाची बटणं काढत स्वतःच खोलीत शिरले आणि आतल्या मुलीला म्हणाले, “चल गं पोरी, तूच काढ आज. आमची सूनबाई जरा कामात आहे.”