आग्रहाची जिलेबी

“नको—” म्हणत त्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला, आणि रुख्मिणी जिलेबीची परात घेऊन सरळ पुढे गेली.

बोरीला मावशीच्या लेकीचा साखरपुडा होता. वाढायला माणसं कमी पडली म्हणून रुख्मिणीला पंगतीत उतरवलं. आता, नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलेब्या जास्तच टाकायच्या असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सत्ताविशी गाठली तरी रुख्मिणीला ते उमगलं नव्हतं. नवरदेवाचे मामा नको म्हणाले, ती पुढे गेली. काका नको म्हणाले, ती पुढे गेली. सोयरे तोंडं पाडून रिकाम्या पानाकडे बघत बसले. हा आडवा हात धरणारा एकटाच मात्र हसायला लागला.

“तुमी पहिल्याच बगा, नको म्हणलं की ऐकणाऱ्या!”

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती, म्हणून तिनं आपली त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर ठेवली... आणि तेवढ्यात सगुणामावशी धावत आली.

“अगं, आग्रह करावा की! सोयरे उपाशी उठायलेत. नाक कापलंस माझं!”

वर भोंगा किंचाळत होता. रुख्मिणी कडब्याच्या गंजीमागं जाऊन कानांवर हात दाबून बसली. तिची दोन स्थळं परत गेली होती. एक म्हणालं पोरगी वर बघत नाही, दुसरं म्हणालं तुसडी आहे. दोन्ही वेळा ती बिचारी नुसती भ्यालेली होती.

मघाचा तो हसणारा गंजीजवळ आला, पण लांबच थांबला. रंगनाथ त्याचं नाव. नवरदेवाचा दोस्त, परभणीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला.

“सोबत थांबू, का एकटं बसायचंय?”

“एकटं.”

“बरं,” म्हणाला आणि खरंच निघून गेला. बरं म्हणून कुणी खरंच जातं, हे तिला नवीन होतं.

परभणीत ती एका वकिलाकडे टायपिंग करायची. आपल्याला असं का होतं, याला तिच्याजवळ नाव नव्हतं. पण काय केलं की दिवस निभतो, ते तिनं स्वतःच एकेक करून शोधलं होतं. बाजारातून जाताना कानात कापूस. रस्ता ठरलेला. वकीलसाहेबांना स्पष्ट सांगून ठेवलेलं, की एका वेळी एकच काम द्या. एवढं सांभाळलं की ती कुणालाही हार जात नसे.

पण एका सकाळी नामांतराच्या आंदोलनावरून गाव अचानक बंद झालं. ठरलेल्या रस्त्यावर पोलीस, वकिलांच्या दाराला कुलूप. पुढं जावं की मागं... तिचे पायच हलेनात. छातीत नुसती धडधड. तेवढ्यात समोरून रंगनाथ सायकल हातात धरून आला. घाबरू नका वगैरे काही म्हणाला नाही.

“बरोबर चालू, का जाऊ?”

“चाला. पण बोलू नका.”

तो घरापर्यंत मुक्यानं चालला. दारात म्हणाला, “आता बोलू का?”

“बोला.”

“तुमाला उद्याबी भेटावं वाटायलंय.”

“थट्टा करायलात का?”

“न्हाई. थट्टा असली की आधी सांगत जाईन.”

आणि त्यानं शब्द पाळला. “आता थट्टा हं—” असं बजावून थट्टा करणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात तो एकटाच असेल! ती खुदकन हसायची, आणि घरी आली की धास्तावायची. हा कंटाळला तर? रोज एवढं सांभाळून बोलायला कुणाला परवडतं?

मग त्याची आई, पार्वतीबाई, त्याला सोबत घेऊन पिंगळीहून तिला बघायला आल्या. मावशीनं आठवडाभर पढवलं होतं, “त्या नको म्हणतीलच. तू वाढतच राहा.”

रुख्मिणी जिलेबी घेऊन पुढं झाली.

“नको गं बाई.”

वाढावं, तर खरंच नको असलं तर? न वाढावं, तर हेही स्थळ गेलं. रंगनाथ गेला. तिनं ताटली खाली ठेवली.

“आत्याबाई, खरं नको कोणतं अन् रीतीचं कोणतं, मला कळत न्हाई. लग्न झाल्यावरबी कळायचं न्हाई. पाहिजे असलं तर पाहिजे म्हणा.”

मावशीनं कपाळाला हात लावला.

“सासरी आल्यापासून मला कुणी असं विचारलं न्हाई,” पार्वतीबाई हळूच म्हणाल्या. “दे. लय भूक लागलीय.” खाता खाता थांबल्या. “अन् माहा पोरगा? त्यो पाहिजे का? तेबी खरंच सांग.”

रुख्मिणी गोंधळली. प्रेमात म्हणे काळीज धडधडतं. तिचं तर बाजारात, पाहुण्यांत, जिथं तिथं धडधडायचं. याच्याजवळच तेवढं थांबायचं. हे सांगावं की सांगू नये? पण दुसरं काही सांगता येत नव्हतं.

“माणसांत बसलं की मला कधी एकदा उठते असं होतं,” ती म्हणाली. “ह्यांच्याजवळ... न्हाई होत. उठूच नये वाटतं.”

रंगनाथ उठला, आणि सगळ्यांदेखत तिच्या शेजारी येऊन बसला, तिला लागते तेवढी जागा मध्ये सोडून.